विजेचं पेव

आमच्या घरात ‘बॅटरी’ या शब्दाला एकच अर्थ होता. लांब नळीची, तीन सेलची, पुढची काच घासून धूसर झालेली ती वस्तू कोनाड्यात ठेवलेली असे, आणि वडील रात्री दारं धरायला निघाले की आई ती त्यांच्या हातात देई. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावाला शेतीची वीज पाळीनं मिळायची. आठवड्यातले काही दिवस दिवसा, उरलेले रात्री. रात्रीची पाळी असली की दहा-अकराला मोटर सुरू करायची आणि पहाटेपर्यंत उसाच्या एका सरीतून दुसऱ्या सरीत पाणी वळवत राहायचं. थंडीत पाय चिखलात आणि नजर बांधावर, कारण पाण्याच्या कडेला साप हमखास निघतो. मध्येच डीपीवरचा फ्यूज उडाला तर अंधारात तिथवर चालत जायचं. सकाळी वडील अंगणात पाय धूत असायचे तेव्हा मी शाळेला निघायचो. वीज रात्रीच का येते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पाऊस पावसाळ्यात येतो, तशी ती रात्री येते, असंच वाटायचं.

पुढे विद्युत अभियांत्रिकी शिकलो, तीस वर्षं त्याच क्षेत्रात काढली, तेव्हा उत्तर मिळालं. औष्णिक केंद्रातला मोठा बॉयलर रोज रात्री विझवून रोज सकाळी पेटवता येत नाही. संच धिमा करता येतो, पण एका मर्यादेपर्यंतच. रात्री शहरं झोपतात, मागणी घसरते, संच मात्र फिरतच राहतात. दिवसा नेमकं उलट, वीज थोडी आणि मागणारे फार. या दोन टोकांचा मेळ घालायचा तर कुणाला तरी दिवसातून उठवून रात्रीत नेऊन बसवावं लागतं. कृषिपंपांचे फीडर तसे नेऊन बसवले गेले. विजेची साठवण करता येत नव्हती, म्हणून शेतकऱ्याची झोप साठवणीच्या कामी लावली गेली. ही वेळापत्रकं आखणाऱ्यांत माझ्या ओळखीचे भले, कष्टाळू अभियंते होते. त्यांच्या हाती दुसरं साधन नव्हतं. आता ते येऊ लागलं आहे, आणि म्हणून हे पुस्तक लिहावंसं वाटलं.

धान्याच्या बाबतीत आपण हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. घरात कणगी असायची, भिंतीतलं बळद असायचं, आणि गावाच्या उंच, कोरड्या जागी जमिनीत खणलेलं पेव असायचं. सुगीला भरलेलं धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरवता येई, आणि भाव पडलेला असताना सगळंच विकून टाकायची पाळी येत नसे. विजेला असं पेव नव्हतं. ती ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी कुठेतरी वापरली गेली पाहिजे. देशभरची जनित्रं एकाच तालात फिरतात, सेकंदाला ५० आवर्तनं. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की ताल मंदावतो, मागे पडली की चढतो. आपल्या ग्रिड संहितेनं यासाठी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ इतका अरुंद पट्टा आखून दिला आहे, आणि भार प्रेषण केंद्रातली माणसं दिवसरात्र त्या आकड्याकडे डोळे लावून बसलेली असतात. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारतात हा ताल तुटला आणि साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातली वीज गेली. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची लोकल जागच्या जागी थांबली. दोन्ही वेळा मूळ दुखणं वाहिन्यांचं होतं, साठवणीचं नव्हे, हे सांगायला हवं. पण ताल सुटल्यावर सावरायला किती अवधी मिळतो, ते या दोन्ही घटनांनी दाखवलं. तो अवधी सेकंदांत मोजायचा असतो.

तसं पाहिलं तर साठवण अगदीच नव्हती असं नाही. ती विजेच्या अलीकडे होती, कोळशाच्या ढिगात आणि धरणाच्या पाण्यात. टाटांनी लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी घाटाखाली उतरवून १९१५ साली खोपोलीत वीज केली आणि मुंबईच्या गिरण्यांना दिली. सह्याद्रीवर चार महिने पडणारा पाऊस बारा महिने वापरण्याची ती युक्ती होती. पुढे १९२२ साली भिवपुरी झालं, १९२७ साली भिरा. भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या मुळशीच्या धरणात मावळातली गावं गेली. तिथल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह मांडला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. विजेच्या साठवणीची सगळी किंमत जमाखर्चात उतरत नाही, हे महाराष्ट्रानं शंभर वर्षांपूर्वी अनुभवलं आहे. पुस्तकात पुढे जिथे जिथे ‘स्वस्त साठवण’ असे शब्द येतील, तिथे वाचकानं मुळशी आठवावी अशी माझी विनंती आहे.

याच डोंगरात साठवणीचा दुसरा प्रकारही आहे. भिऱ्याला १५० मेगावॅटचा आणि घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प. घाटघरच्या माथ्यावरच्या जलाशयातलं पाणी चारशे मीटरहून अधिक खाली उतरून वीज करतं, आणि वीज मुबलक असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवलं जातं. चढवायला शंभर युनिट लागली तर उतरताना पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. वीस-पंचवीस युनिट गमावून आपण विजेची वेळ बदलून घेतो. साठवणीच्या सगळ्या अर्थशास्त्राचा गाभा या व्यवहारात आहे. माध्यम पाणी असो की लिथियम, साठवण नवी वीज तयार करत नाही, उलट थोडी खाते. तिच्याकडून मिळते ती वेळेची अदलाबदल, आणि ती किती मोलाची आहे, हे त्या दोन वेळांच्या भावांतल्या फरकावर ठरतं.

हा फरक आता फार रुंदावला आहे, आणि त्याचं कारण सूर्य आहे. कोळशाचा ढीग घालता येतो, पाण्याला बांध घालता येतो, उन्हाचा ढीग घालता येत नाही. भारताची सौर क्षमता २०२५ च्या जानेवारीत १ लाख मेगावॅटच्या पुढे गेली. ही वीज दुपारी बारा-एकला भरात असते आणि आपण घरी येऊन दिवे, पंखे, टीव्ही लावतो तोवर संपलेली असते. वीज बाजारात त्याचं प्रतिबिंब रोज दिसतं. ऐन दुपारी युनिटचा भाव दोन-अडीच रुपयांवर, कधी त्याहूनही बराच खाली येतो. उन्हाळ्यातल्या टंचाईच्या दिवसांत तीच वीज संध्याकाळी सात-आठ वाजता नियामकानं घालून दिलेल्या १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकते. राजस्थानात वाहिन्या पुरेशा नसल्यामुळे तयार असलेली सौर वीज सोडून द्यावी लागण्याचे प्रसंग आले आहेत. एकाच दिवसात दुपारी वीज नको असते आणि संध्याकाळी मिळत नाही.

कॅलिफोर्निया या वाटेवर आपल्याहून दहा वर्षं पुढे आहे. तिथल्या ग्रिडचालकांनी २०१३ सालीच एक आलेख काढून दाखवला होता. सौर वीज वजा करून उरणारी मागणी दुपारी खोल पोटात जाते आणि सूर्य कलल्यावर मानेसारखी सरळ उभी राहते. बदकाच्या आकाराचा तो आलेख जगभर गेला. ऑगस्ट २०२० मध्ये उष्णतेच्या लाटेत, सूर्य कलल्यावर, त्या श्रीमंत राज्याला भारनियमन करावं लागलं. त्यानंतर तिथे बॅटऱ्या इतक्या वेगानं उभ्या राहिल्या की एप्रिल २०२४ पर्यंत त्यांची क्षमता १०,००० मेगावॅटच्या पुढे गेली, आणि त्याच महिन्यातल्या एका संध्याकाळी काही काळ ग्रिडवरचा सगळ्यात मोठा एकटा स्रोत बॅटऱ्या होत्या. चार वर्षांपूर्वी अंधाराची असलेली वेळ दुपारच्या उन्हावर निभावली जात होती. माझ्या आयुष्यात विजेच्या क्षेत्रात इतका झपाट्यानं झालेला बदल मी दुसरा पाहिलेला नाही.

या पेवातला दाणा कसा असतो, ते मला पुस्तकात सविस्तर सांगायचं आहे. इथे थोडक्यात सांगतो. ग्रिडसाठी आज सर्रास वापरला जाणारा सेल हा जाडजूड शब्दकोशाएवढा, अॅल्युमिनियमच्या आवरणातला ठोकळा असतो. वजन साडेपाच किलोच्या आसपास, दाब ३.२ व्होल्ट, धारणा ३१४ अँपिअर-तास. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की १,००० वॅट-तासांच्या जवळ जाणारा आकडा येतो, म्हणजे आपल्या वीजबिलावरचं जवळजवळ एक युनिट. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तो सेल हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिलो. ज्याचे पैसे आपण जन्मभर भरत आलो आणि जे कधी डोळ्यांना दिसलं नाही, ते युनिट इथे हातात मावत होतं. असे पाच हजार सेल वीस फुटी कंटेनरमध्ये रचले की ५ मेगावॅट-तास साठतात. बंदरावर दिसतात तसे हे कंटेनर ओळीनं मांडायचे, एकदिश प्रवाहाचा प्रत्यावर्ती करणारे इन्व्हर्टर आणि रोहित्रं जोडायची, सेल थंड ठेवायला आतून द्रव खेळवायचा, की प्रकल्प उभा राहतो. धरणाला दहा-पंधरा वर्षं लागतात. हे काम जागा आणि जोडणी तयार असेल तर वर्ष-दीड वर्षात होतं.

सेलच्या आत लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांतून निघून समोरच्या धनाग्रात शिरतात आणि भारित करताना उलट वाटेनं परत येतात. धनाग्र कशाचं, यावर सगळं ठरतं. सोनीनं १९९१ साली बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीत तिथे महागडं कोबाल्ट होतं. १९९७ साली टेक्सास विद्यापीठातून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावर अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांची नावं होती, आणि विषय होता लोह फॉस्फेटचं धनाग्र. गुडइनफ यांना २०१९ साली नोबेल मिळालं आणि त्यांचं नाव सर्वांना ठाऊक झालं. पहिल्या दोन भारतीय नावांची आठवण आपल्याकडेही फारशी कुणी काढत नाही, याची मला खंत आहे. लोखंड आणि फॉस्फेट या साध्या, मुबलक द्रव्यांमुळे सेल स्वस्त झाला. तो कोबाल्ट-निकेलच्या सेलपेक्षा जड असतो, पण ग्रिडच्या बॅटरीला रस्त्यावर पळायचं नसतं. शिवाय तो हजारो वेळा भरला-उपसला तरी टिकतो आणि सहजी भडकत नाही. मोटारीसाठी सुरुवातीला दुय्यम ठरलेला हा गुणसंच एका जागी बसलेल्या बॅटरीला नेमका मानवला.

एक घोळ सुरुवातीलाच मिटवून घेऊ, कारण वर्तमानपत्रांत तो रोज होतो. ‘अमुक मेगावॅटची बॅटरी’ एवढं म्हटल्यानं काही कळत नाही. मेगावॅट म्हणजे नळाची तोटी किती जाड आणि मेगावॅट-तास म्हणजे टाकी किती मोठी. शंभर मेगावॅटची बॅटरी अर्धा तास चालणारी असू शकते किंवा आठ तास चालणारीही, आणि दोहोंच्या किमतीत आणि कामात जमीन-अस्मानाचा फरक असतो. बातमीत दोन आकडे नसतील तर ती बातमी अपुरी समजावी.

मोठ्या बॅटरीचा पहिला गाजलेला प्रयोग दक्षिण ऑस्ट्रेलियात झाला. २८ सप्टेंबर २०१६ च्या वादळात ते अख्खं राज्य अंधारात गेलं. त्यानंतर हॉर्न्सडेल इथल्या पवनचक्क्यांशेजारी निओएन आणि टेस्ला या कंपन्यांनी १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तासांची बॅटरी उभारली. शंभर दिवसांत झाली नाही तर पैसे घेणार नाही, असं इलॉन मस्क यांनी जाहीर केलं होतं. १ डिसेंबर २०१७ ला ती चालू झाली, आणि दोनच आठवड्यांनी शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातला कोळशावरचा एक मोठा संच अचानक बंद पडला तेव्हा एका सेकंदाच्या आत तिनं ग्रिडमध्ये वीज ओतली. या घटनेची चर्चा जगभर झाली. पण तिच्या जमाखर्चात जे दिसलं, ते मला जास्त शिकवून गेलं. सगळ्यांना वाटत होतं की ही बॅटरी स्वस्त वीज घेऊन महाग विकेल आणि त्यावर जगेल. प्रत्यक्षात तिची मोठी कमाई ताल सांभाळण्याच्या सेवेतून झाली. वारंवारिता ढळली की क्षणात सावरायची, त्याचे पैसे. हे काम पूर्वी वायूवरचे संच करत आणि अव्वाच्या सव्वा भाव लावत. बॅटरी आली आणि तो भाव कोसळला. पहिल्याच वर्षात ग्राहकांचे सुमारे ४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर वाचले, असा हिशोब एका अभियांत्रिकी सल्लागार संस्थेनं मांडला.

या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. ताल सांभाळायची बाजारपेठ लहान असते. दहा-वीस बॅटऱ्या आल्या की ती भरून जाते आणि भाव पडतो. पहिली कैरी बाजारात आणणाऱ्याला चांगला दर मिळतो, हंगाम भरात आला की तीच कैरी पाटीनं विकावी लागते, तसं. आणखी एक. २०१९ साली क्वीन्सलंडमधला एक संच बंद पडला तेव्हा हॉर्न्सडेलनं जितकी मदत देण्याचे पैसे घेतले होते तितकी दिली नाही, असं नियामकाला आढळलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२२ साली तिला ९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. या दंडाचा मला आदर वाटतो. संकटाच्या वेळी मदतीला धावण्याचं वचन विकत घ्यायचं असेल तर ते पाळलं जातं की नाही हे तपासणारी यंत्रणाही हवी, आणि आपल्याकडे ती घडवायला आतापासूनच लागायला हवं.

भारतात पहिली ग्रिडस्तरीय बॅटरी फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या रोहिणीत बसली, १० मेगावॅटची. ती शिकण्यासाठी होती. खरा हिशोब पुढच्या निविदांमधून सुरू झाला, आणि तो इथे थोडा सावकाश मांडतो, कारण पुढची सगळी प्रकरणं त्यावर उभी आहेत. आपल्याकडे बॅटरी बहुधा भाड्यानं घेतली जाते. कंपनी ती उभारते, वितरण कंपनी दरमहा प्रति मेगावॅट ठरलेलं भाडं देते आणि भरायची-उपसायची वेळ स्वतः ठरवते. ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय सौर ऊर्जा महामंडळाच्या ५०० मेगावॅट, १,००० मेगावॅट-तासांच्या निविदेत हे भाडं सुमारे १०.८ लाख रुपये निघालं. एक मेगावॅट दोन तास चालली तर २,००० युनिट. रोज एकदा उपसली तर महिन्याला ६०,००० युनिट. १०.८ लाखांना ६०,०००ने भागा. एका युनिटवर नुसतं साठवणीचं भाडं १८ रुपये. रोज दोनदा वापरली तरी ९. या भावात कुठलीही वितरण कंपनी संध्याकाळ भागवू शकत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानच्या निविदेत हेच भाडं २.२१ लाखांवर आलं. सव्वादोन वर्षांत पाचवा हिस्सा. आता पुन्हा भागाकार करू. रोज भरण्या-उपसण्याची एक फेरी धरली तर युनिटला ३ रुपये ६८ पैसे. दुपारची वीज अडीच रुपयांना घेतली आणि साठवताना पंधरा टक्के गळाली असं धरलं तर हाती येणारं युनिट २ रुपये ९४ पैशांना पडतं. दोन्ही मिळून ६ रुपये ६२ पैसे. बाजारात टंचाईच्या संध्याकाळी १० रुपये मोजूनही वीज मिळेल याची खात्री नसते, तिथे हा आकडा व्यवहार्य होतो. बॅटरीचं सगळं आर्थिक गणित या एवढ्या भागाकार-बेरजेत मावतं, आणि प्रत्येक वाचकानं ते पेन्सिल घेऊन एकदा स्वतः करून पाहावं असं मला मनापासून वाटतं. फेऱ्या दोन धरल्या तर भाडं निम्मं होतं, पण दुसरी फेरी भरायला स्वस्त वीज कुठून आणायची? दुपार दिवसातून एकदाच येते. रात्री उशिराची वीज दुपारइतकी स्वस्त नसते. आणि प्रत्येक फेरीगणिक सेल थोडा थोडा म्हातारा होतो.

हे भाडं इतकं उतरलं कसं? मुख्य कारण सेलचा भाव. २०१० साली बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव प्रति युनिट-क्षमता हजार डॉलरच्या वर होता, २०२४ साली तो ११५ डॉलर झाला. चीननं गरजेपेक्षा कितीतरी जास्त कारखाने उभारले आणि मोटारींचा खप त्या वेगानं वाढला नाही, याचाही त्यात मोठा वाटा आहे. दुसरं कारण सरकारी मदतीचं. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॅट-तासांसाठी भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत तूट भरून देणारी योजना मंजूर केली, आणि राजस्थानच्या त्या दरातही अशा मदतीचा भाग आहे. तिसऱ्या कारणाची मला काळजी वाटते. निविदा आज भरायची, सेल दीड वर्षानं घ्यायचे आणि तोवर ते आणखी स्वस्त होतील असा जुगार काही बोलींमध्ये असतो. २०२२ साली लिथियमचा भाव भडकला आणि पॅकचा भाव उतरण्याऐवजी चढला होता. तसं पुन्हा झालं तर कागदावरच्या कितीतरी बॅटऱ्या कागदावरच राहतील. भांडवलाचंही तसंच. औष्णिक केंद्राचा खर्च कोळशाबरोबर वर्षानुवर्षं वाटला जातो. बॅटरीचा जवळजवळ सगळा पहिल्याच दिवशी होतो, त्यामुळे व्याजाचा दर एक-दोन टक्क्यांनी हलला तरी युनिटचा भाव हलतो. पुस्तकातलं पैशांच्या हिशोबाचं प्रकरण लिहिताना मी रसायनशास्त्रापेक्षा कर्जाच्या हप्त्यांवर जास्त वेळ घालवला, आणि त्याचं मला समाधान आहे.

आगीचा प्रश्न टाळून चालणार नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या प्रकल्पाला जानेवारी २०२५ मध्ये मोठी आग लागली आणि हजारावर लोकांना घरं सोडावी लागली. तिथे निकेल असलेल्या रसायनाचे सेल जुन्या वीजकेंद्राच्या बंदिस्त इमारतीत दाटीवाटीनं रचलेले होते. आजचे प्रकल्प उघड्यावर, कंटेनरांमध्ये अंतर राखून आणि लोह फॉस्फेटच्या सेलचे असतात, त्यामुळे आग लागली तरी सहसा एका कंटेनरपुरती राहते. हा फरक खरा आहे. तरी विदर्भाच्या ४५-४६ अंशांच्या उन्हात शीतकरण बंद पडलं तर काय, गावच्या अग्निशमन दलाला या आगीची ओळख करून दिली आहे का, हे प्रश्न प्रकल्प येण्याआधी विचारायचे आहेत.

अवलंबित्वाचा प्रश्न याहून खोल आहे. जगातल्या लिथियम-आयन सेलपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक चीनमध्ये बनतात, आणि लोह फॉस्फेटच्या सेलवर तर त्याचं जवळजवळ पूर्ण वर्चस्व आहे. आपण २०२१ साली ५० गिगावॅट-तासांच्या सेल कारखान्यांसाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना आणली, पण कारखाने मागे पडले. जम्मूतल्या रियासीत ५९ लाख टन लिथियम खनिजाचा अंदाज फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाला आणि खूप आनंद झाला, पण पुढे लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत. मला आशा वाटते ती सोडियमची. मीठ आपल्याकडे मुबलक आहे, आणि पुण्यात आयसर आणि केपीआयटी यांनी मिळून सोडियम-आयन सेलचं तंत्र २०२३ च्या डिसेंबरात लोकांपुढे ठेवलं. ते प्रयोगशाळेतून कारखान्यात कितपत उतरतं, यावर पुढची दहा वर्षं लक्ष ठेवायला हवं.

आता मर्यादांबद्दल. दोन-चार तासांची बॅटरी संध्याकाळ सांभाळते. आठ तासांची रात्र तिला महाग पडते, आणि श्रावणात आठवडाभर आभाळ भरून राहिलं तर ती रिकामीच बसते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं २०३१-३२ पर्यंत लागणाऱ्या साठवणीचा अंदाज बांधताना बॅटऱ्यांबरोबर उदंचनालाही मोठी जागा दिली ती यामुळे. बॅटऱ्यांची गरज ४७,००० मेगावॅटहून अधिक, उदंचनाची सुमारे २६,७०० मेगावॅट. भिवपुरी आणि शिरवटा इथे टाटांचे नवे उदंचन प्रकल्प आखले गेले आहेत, आणि सह्याद्रीत इतरही अनेकांची आखणी चालू आहे. घाटमाथ्यावरची देवराई आणि धनगरवाडा या आखणीत कुठे आहेत, ते नकाशावर बोट ठेवून विचारलं पाहिजे. महाराष्ट्रापुरतं एक सुदैव आहे. सौर वीज मंदावते त्याच जून ते सप्टेंबरच्या काळात साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या जोरात फिरतात आणि कोयना भरत असते. ऊन, वारा आणि पाणी यांचं वर्षभराचं गणित नीट बसवलं तर बॅटऱ्या कमी लागतील.

आणि काही ठिकाणी त्या लागणारच नाहीत. शेताची वीज दिवसा दिली तर विहिरीतलं पाणी उन्हातच उपसलं जातं, त्याला कुठलाच सेल लागत नाही. सौर कृषी वाहिनी योजनेचं मोल मला यात दिसतं. शाळेची टाकी, पिठाची गिरणी, दूध थंड करायचं यंत्र दुपारी चाललं तर तेवढी संध्याकाळ हलकी होते. दिवसाच्या विजेला सवलत देणारे वेळेनुसारचे दर आता येऊ लागले आहेत. घरी कुणी नसणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या कुटुंबाला मात्र ती सवलत घेता येत नाही, आणि संध्याकाळी वाढीव दर असेल तर तो त्यांच्याच माथी बसतो. भारनियमनाच्या काळात शहरांतून घरोघर इन्व्हर्टर आले तेव्हाही असंच झालं होतं. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी आपापल्या पुरती वेळ विकत घेतली. वीज आली की ते सगळे इन्व्हर्टर एकदम भारित होऊ लागत, वाटेत बरीच वीज गमावत, आणि टंचाई आणखी वाढे. बाकीच्यांनी चिमणी लावली. या वेळी पेव सामायिक असू शकतं. उपकेंद्राच्या आवारात उभा केलेला कंटेनर त्या फीडरवरच्या बंगल्याला आणि झोपडीला सारखाच प्रकाश देतो, पण त्याचं भाडं कुणाच्या बिलात किती घालायचं हे वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत ठरतं. त्या सुनावणीत बोलायला सामान्य ग्राहकाला आकडे कळायला हवेत, आणि हे पुस्तक मी मराठीत लिहिलं ते त्याच्यासाठी.

आमच्या गावच्या फीडरवर आता दिवसा वीज असते. वडील ऐंशीच्या पुढे आहेत, दारं धरायला भाऊ जातो, सकाळी नाश्ता करून. कोनाड्यातली टॉर्च अजून आहे, सेल काढून ठेवलेली.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडं. पहिली चार प्रकरणं तंत्राची आहेत, गणिताची भीती वाटणाऱ्यांनी तिसरं ओलांडून गेलं तरी चालेल. पाचव्यापासून पैशांचा हिशोब सुरू होतो. निविदांच्या दरांचं प्रकरण मला तीन वेळा लिहावं लागलं, कारण दर वेळी मुद्रितं हातात येईपर्यंत आकडे खाली गेलेले असत. शेवटी तक्त्याच्या प्रत्येक ओळीपुढे निविदेचा महिना आणि वर्ष घातलं, आणि खाली काही ओळी कोऱ्या सोडल्या. पुढचे दर वाचकांनी स्वतः भरावेत.